तुपाचं भांडं घेऊन उभा राहिलेला नट

एकदा एक सुप्रसिद्ध नट परोपकार करायला निघाला. ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, कारण मी स्वतः त्या पंगतीत बसलो होतो. म्हणजे मी नव्हतो, माझे एक चुलतमामा होते, आणि तेही नंतरच्या पंगतीला. पण तूप त्यांनाही मिळालं होतं, तेव्हा पुरावा भक्कम आहे.

हा नट नुसता विंगेत खोकला तरी टाळ्या पडत. त्याने एके दिवशी जाहीर केलं, “माझ्या एका खेळाचं सारं उत्पन्न मी एका दुःखाला अर्पण करीन.” झालं! दारात दुःखांची रीघ लागली. श्रावणातल्या पुरात छपरं वाहून गेलेलं एक गाव आलं, अनाथ मुलांचा आश्रम आला, दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्यांची मंडळी एकमेकांचे हात धरून आली. नट विचारात पडला. श्रावणाचा मार्गशीर्ष झाला, थंडी पडली, पूरवाले उघड्यावर कुडकुडू लागले, तरी विचार संपेना. अखेर तो आपल्या वृद्ध गुरूंच्या आश्रमात गेला. त्याच्यामागे त्याचा कारभारी, आणि कारभाऱ्यामागे तिन्ही दुःखं.

“महाराज, यांतलं कुठलं निवडू?”

“तिघांना एकेक खेळ दे की.”

कारभारी घाईने मध्ये पडला. “तसं विभागलं की नाव होत नाही, महाराज. दुःख एकच हवं, पण मालकांच्या चेहऱ्याला शोभणारं. माझं मत अनाथांना. कडेवर मूल घेतलं की मालक दहा वर्षांनी लहान दिसतात.”

गुरू हसले. “आधी जेवू या.”

अंगणात पंगत मांडली. पानांवर मीठ-लिंबू पडलं, वाफाळता वरणभात पडला. आता आपला शिरस्ता तुम्हाला ठाऊकच आहे: भातावर तूप पडून श्लोक होईपर्यंत पानाला हात लावायचा नाही. नेमक्या त्या वेळी गुरूंनी वाढप्याच्या हातून तुपाचं भांडं काढून घेतलं आणि नटाच्या हाती दिलं.

“ज्याचं दुःख सर्वांत मोठं, त्याच्या पानावर पहिली धार. मग इतरांना,” असं म्हणून ते स्वतःच्या पाटावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

नट पंगतीच्या मध्यभागी उभा राहिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“इकडे या, साहेब!” पुरातली एक बाई ओरडली. “आमच्या डोक्यावर छप्पर नाही.”

“छप्पर गेलं, पण घरात माणसं तरी आहेत ना?” अनाथाश्रमाच्या बाई म्हणाल्या. “या लेकरांना विचारा, घर म्हणजे काय!”

“घर गेलेलं तुम्हाला दिसतं तरी,” एक आंधळे आजोबा शांतपणे म्हणाले. “आम्हाला तेवढंही सुख नाही.”

“वा आजोबा!” पुरातली बाई म्हणाली. “दिसत नाही ते बरं आहे. आमचं घर बघवणारही नाही तुम्हाला!”

वाद रंगला. नट प्रत्येकाकडे वळून मान हलवी, डोळे टिपी, पुन्हा सरळ उभा राही. कारभारी खांबाआडून ‘अनाथ, अनाथ’ असं खुणावत होता. भाताची वाफ गेली. अनाथाश्रमातल्या एका चिमुरडीने हळूच भाताकडे बोट नेलं, तर शेजारणीने चापट मारली, “थांब, तूप यायचंय!” ती रडू लागली. तिकडे तूपही गोठलं.

गुरूंनी डोळे उघडले. “वाढलंस?”

“महाराज, निर्णय होत नाही. कुणावर अन्याय नको व्हायला.”

“तुझ्या न्यायापायी सगळी पंगत उपाशी आहे, बाळ. कुणाला आधी आणि कुणाला नंतर, ही चिंता वाढप्याची. पानावर बसलेल्याला फक्त भूक असते. दोन पानं नंतर तूप आलं म्हणून कुणी मरत नाही. वाढपी मध्येच उभा राहिला, तर मात्र मरतं. आणि वाढपी उभा राहिला की लोक भूक विसरून त्याच्याकडे बघतात, आपापली दुःखं ताणून मोठी करतात. टोकाच्या पानापासून सुरुवात कर, शेवटच्या पानापर्यंत थांबू नकोस. आणि वाढताना वाकायचं असतं. उभ्याने वाढलेलं पानाबाहेर सांडतं.”

भांडं चुलीवर धरून तूप पातळ केलं. टोकाला पूरवाले बसले होते. नट खाली वाकला आणि पहिली धार पडली.

“मालक, इतकं वाकू नका!” कारभारी कळवळला. “चेहरा दिसत नाहीये!”

“त्याला पान दिसतंय. पुरे,” गुरू म्हणाले.

श्लोक झाला. पहिला घास घेऊन आंधळ्या आजोबांनी शेजारच्या चिमुरडीला विचारलं, “तूप कुणी वाढलं गं?”

“कुणास ठाऊक,” ती भरल्या तोंडाने म्हणाली. “वाकलेला होता.”

पुढे त्याच महिन्यातल्या जत्रेत एक सोडून तीन खेळ झाले आणि पौषाआधी पूरवाल्यांच्या घरांवर छपरं चढली.

आता यात पदरचं काय घातलं, ते सांगून टाकतो. नट आपण होऊन वाकला नव्हता. गुरूंनी पाटावरून उठून, मानेवर हात ठेवून त्याला वाकवला होता. पण तूप पानावर पडलं, तेवढं मात्र खरं.