दोराचं दुसरं टोक

अरे ऐक, तो मोबाईल ठेव खाली आधी. टिम्याचं काय झालं माहितीय? परवा. भर दुपारी. शप्पथ सांगतो, मला ऐकल्यापासून जेवण गोड लागत नाहीये.

"मग माझे पप्पा तरले की नाही? एवढंच सांगा, मास्तर. हो की नाही."

हे विचारत होता आपला टिम्या. तीमथ्य वाघचौरे, सेमिनरीचं, म्हणजे पाद्री व्हायच्या कॉलेजचं, शेवटचं वर्ष, वर्गात पहिला. आणि समोर शांतवन मास्तर. वय चौऱ्याऐंशी. बाजेवर मांडी घालून लसूण सोलत बसलेले.

मास्तरांनी एक पाकळी सोलली. दुसरी सोलली.

…

"मास्तर, मी काहीतरी विचारलं."

"ऐकू येतं मला. तुझं शास्त्र काय म्हणतं?"

"तारण विश्वासानं. कामांनी नाही. माणूस चांगली कामं करून मेला तरी देवापुढं ती चिंधीच."

"मग झालं की. उत्तर घेऊन आलास आणि प्रश्न मला विचारतोस होय?"

आता तुला सीन सांगतो. नगरच्या पुढं एक जुनं मिशनचं आवार आहे. शाळा बंद, दवाखाना बंद, देवळाला, म्हणजे चर्चला रे, कुलूप, फक्त रविवारी उघडतं. मास्तर तिथं एकटेच राहतात, सोबतीला चार कोंबड्या. आणि एक दगडी विहीर. कुठल्यातरी जुन्या दुष्काळात खोदलेली, साठ फूट.

टिम्याचे पप्पा, मारकूभाऊ, दर मे महिन्यात त्या विहिरीचा गाळ काढायचे. ते आत, मास्तर वर दोरावर. तीस वर्षं. एक पैसा नाही घेतला. नुसती ही विहीर नाही, पंचक्रोशीतला कुठलाही हातपंप बिघडला की मारकूभाऊ सायकलवर पाने-पकडी बांधून हजर. फक्त देवळात जायचे नाहीत. एका ईस्टरला कुणाशी तरी वाजलं, तेव्हापासून वीस वर्षं पायरी चढले नाहीत. रविवारी घंटा वाजायची आणि हे कुणाच्यातरी परसात पंप उघडून बसलेले.

फेब्रुवारीत गेले. आणि दवाखान्यात शेवटच्या दिवशी आपला टिम्या, वर्गात पहिला, त्यांच्या कानाशी वाकून काय म्हणाला माहितीय?

"पप्पा, पंप दुरुस्त करून तारण होत नसतं. एकदा तोंडानं म्हणा, प्रभूवर विश्वास आहे. एकदाच."

मारकूभाऊंनी डोळे उघडले. म्हणाले, "कमलाबाईच्या पंपाचा वायसर बदलला का रे कुणी?"

बस. तेवढंच. संध्याकाळी गेले.

पण हे पण नाही रे, खरं पुढंच आहे. गेल्या आठवड्यात आईनं त्याला ताटावर विचारलं, "टिमू, तुझे पप्पा कुठंयत रे आत्ता?" आणि हा गाढव म्हणाला, "शास्त्राप्रमाणं… सांगता येत नाही, आई."

आईनं हात धुतला. त्या दिवसापासून त्याच्याशी शब्द नाही. आणि येत्या रविवारी त्याच देवळात याचा पहिला उपदेश. विषय, विश्वास. आई पहिल्या बाकावर बसणार.

म्हणून हा मास्तरांकडे आला होता. आईला काय सांगू, हे विचारायला.

मास्तरांनी लसणाची टरफलं झटकली. म्हणाले, "हिर आटत आली. तुझ्या बापाचं घमेलं आत राहिलंय, गेल्या सालापासून. काढून दे."

"आत्ता? मास्तर, मी काय विचारतोय…"

"तुझा बाप तीस वर्षं उतरला. त्याच्याकडं तर विश्वास पण नव्हता म्हणतोस. तुझ्याकडं हाये की."

टिम्याला झोंबलं ते. त्यानं शर्ट काढला.

एक वाजला होता. अशी दुपार की सावली पण पायाखाली दडून बसलेली. एकही पाखरू बोलत नव्हतं. मास्तरांनी आधी कंदील पेटवून दोरीनं आत सोडला. ती पद्धतच आहे रे, आत विषारी हवा असली तर दिवा विझतो, आणि दिवा विझला तर माणूस उतरत नाही. कंदील तळापर्यंत गेला. जळत राहिला. खाली एवढासा पिवळा ठिपका.

मग टिम्याच्या कमरेला दोर. दोर वर कप्पीवरून, तिथून दगडी खांबाला दोन वेढे, आणि दुसरं टोक मास्तरांच्या हातात.

"खुणा ध्यानात हायेत?"

"एक झटका, सोडा. दोन, थांबा. तीन, वर घ्या."

"आणि वरच्यानं ऐकलं की एक झटका परत."

ही मारकूभाऊंची शिस्त. परत झटका आल्याशिवाय खालच्यानं पाय उचलायचा नाही. त्यांचा स्वतःचा झटका तर वेगळाच होता. एक छोटा, जरा थांबून एक लांब. सकाळी टिम्याची गोधडी पण तशीच ओढायचे. एक छोटी, थांबून एक लांब. ऊठ लेका.

काठावर बसल्यावर टिम्यानं मास्तरांच्या हातांकडे बघितलं. काटक्या नुसत्या. त्याची जराशी टरकली.

"मास्तर, धराल ना नीट?"

मास्तर हसले. "दोर धरलेला असेल. तू उतर."

आता हे नीट ऐक. "मी धरीन" असं ते म्हणालेच नाहीत. टिम्याच्या हे नंतर लक्षात आलं.

उतरला. वरची हवा भट्टीसारखी, आत एकदम गार. माठात हात घातल्यासारखं. दगडांच्या खोबणीत कबुतरं बसलेली, पण हलेनात, घुमेनात, नुसती बघत होती. तळाला घोटाभर पाणी, त्याखाली गुडघाभर गाळ. कंदील एका दगडावर टेकलेला. वर आकाश केवढं, तर ताटाएवढं.

घमेलं कोपऱ्यात पालथं होतं. गाळात रुतलेलं. टिम्यानं दोन्ही हात घालून हिसका दिला. निघेना. परत दिला. निघालं… आणि त्याखालून बुडबुडे आले. बुड, बुड, बुड. सडक्या अंड्याचा वास.

कंदिलाची ज्योत बारीक झाली.

निळी झाली.

विझली.

टिम्याला कळलं ना काय झालं ते. लहानपणापासून ऐकलेलं. त्यानं घमेलं छातीशी धरलं आणि एका हातानं तीन झटके दिले.

काही नाही.

परत तीन.

काही नाही.

"मास्तर!" ओरडला. विहीर पण ओरडली, "…स्तर." वर कुणाचं डोकं दिसेना. त्यानं जिवाच्या आकांतानं दोर ओढला, आणि दोर आला. सैल. हातात यायलाच लागला, वेटोळ्यावर वेटोळं, खांद्यावर पडत. म्हणजे वर कुणी धरलेलाच नव्हता.

कळतंय का तुला? साठ फूट खाली, दिवा विझलेला, आणि दोराला दुसरं टोकच नाही.

गाळात बसला. त्याला म्हणे प्रार्थना करायची होती. इतकी वर्षं पाठ केलेलं, ग्रीकमधून पण येतं त्याला, एक शब्द आठवेना. घमेल्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि एकच आठवलं. कमलाबाईच्या पंपाचा वायसर. आपण बदललाच नाही. पप्पा शेवटचं तेवढं बोलले आणि आपण बदलला नाही.

"पप्पा, करतो," म्हणाला. मोठ्यानं. "मी करतो."

आणि कमरेला झटका बसला.

एक छोटा.

…

एक लांब.

दोर ताठ झाला. पाय गाळातून सुटले. भिंतीला पाय लागला नाही, टेकायला दगड शोधावा लागला नाही. कबुतरं एकेक करून खाली जात राहिली. म्हणजे तो वर येत होता. घमेलं छातीशी, दोन्ही हातांच्या विळख्यात, डोळे उघडे. हे त्यानं मला दहा वेळा सांगितलं, डोळे उघडे होते.

काठावर पालथा पडला. खोकला, ओकला. ऊन पाठीवर आलं तसं डोकं वर केलं.

कुणी नव्हतं.

खांबाला वेढे नव्हते. दोर कप्पीवरून सरळ खाली आला होता आणि त्याचं टोक धुळीत पडलेलं. मोकळं. कशाला बांधलेलं नाही. त्या टोकावर एक कोंबडी बसली होती, पिसं फुगवून, डोळे मिटून. चांगली तासाभराची बसल्यासारखी.

तेवढ्यात घरातून मास्तर आले. हातात ट्रे, चहाचा.

"तुम्ही दोर सोडून गेलात?" टिम्या खोकत म्हणाला. "मी आत मरत होतो! तुम्ही… चहा?"

"उतू गेला असता."

"मास्तर!"

"तूच म्हणालास, विश्वास पुरतो. मग माझं काय काम?" त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला, कोंबडीला हाताच्या फटकाऱ्यानं उठवलं. "कसा आलास वर?"

"ओढलं मला."

"कुणी?"

…

"मी इथं नव्हतो," मास्तर म्हणाले. "आवारात दुसरं माणूस नाही. तूच चढून आला असशील लेका. घाबरलं की माणूस चढतं, कळत पण नाही त्याला."

"घमेलं होतं हातात! दोन्ही हातांनी धरलेलं. कसा चढणार? मी काहीच केलं नाही, मास्तर. काहीच नाही. मी नुसता वर आलो."

"काहीच केलं नाहीस?"

"नाही!"

"हात दाखव."

टिम्यानं घमेलं खाली ठेवलं आणि हात पुढं केले.

भावा, दोन्ही तळवे सोललेले. पार. बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत कातडी निघालेली, आणि रक्तात दोराचे धागे चिकटलेले. साठ फूट दोर चढून आलेल्या माणसाचे हात असतात ना, तसे. तोपर्यंत त्याला दुखलं पण नव्हतं. बघितलं आणि आग आग व्हायला लागली.

टिम्या हाताकडे बघतोय. मग दोराकडे. मग हाताकडे.

"मग मी चढलो?"

मास्तरांनी त्याच्या तळव्यातला दोराचा एक धागा उचलला.

"की मला ओढलं?"

मास्तरांनी खांद्यावरचं जुन्या धोतराचं फडकं फाडलं, त्याच्या एका हाताला गुंडाळलं. मग दुसऱ्या. सावकाश. मारकूभाऊंच्या हातालाही दर मे महिन्यात असंच गुंडाळायचे म्हणे.

"तू काय विचारायला आला होतास," ते म्हणाले, "ते विचार आता."

टिम्यानं तोंड उघडलं. हो की नाही, एवढंच तर विचारायचं होतं. आई रविवारी पहिल्या बाकावर बसणार होती. पण त्याच्या तोंडातून निघालं भलतंच.

"कमलाबाईचं घर कुठल्या वाडीत, मास्तर?"

मास्तरांनी मान डोलावली. बशीत चहा ओतायला लागले. आणि तेव्हा टिम्याचं ट्रेकडे लक्ष गेलं.

तीन कप होते.

एक मास्तरांच्या हातात. एक त्याच्यासमोर सरकवलेला. तिसरा विहिरीच्या बाजूला, ओट्याच्या अगदी कडेला. त्या कडेला काळ्या गाळाचे ओले डाग होते, कुणीतरी आत्ताच टेकून बसल्यासारखे. टिम्या तर अजून तिकडे गेलाच नव्हता. आणि त्या कपातला चहा, हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये, अर्ध्यावर आला होता.

"मास्तर…" टिम्या म्हणाला, "हा कुणाचा?"

मास्तरांनी बशी ओठाला लावली. एक फुरका मारला.

"ज्याचे हात तुझ्याहून जास्त सोललेत, त्याचा. बस त्याच्या शेजारी."

तू असतास तर बसला असतास?