अर्ध्या बातम्यांचा डबा

तांबडगावात एक बाग होती. बागेला निळं निळं दार होतं आणि दाराशी एक टोपली होती. टोपलीत खमंग भाजलेल्या शेंगा, टोपलीमागे सुरंगीची आई आणि आईच्या डोक्यावर चैत्रातलं पिवळंधमक ऊन. दाराशेजारी बहाव्याचं एक झाड होतं खरं, पण ते दोन वर्षांमागे वाळून गेलं होतं. वाळक्या झाडाची सावली ती केवढीशी! आई दिवसभर त्या सावलीमागून सरकत राहायची. सावली डावीकडे गेली की टोपली डावीकडे, सावली उजवीकडे गेली की टोपली उजवीकडे. तरी तिचं अर्धं अंग उन्हातच राहायचं आणि संध्याकाळी तिचं डोकं ठणकायचं.

सुरंगी होती आठ वर्षांची. दोन शेपट्या, गालावर एक खळी आणि दप्तराला आईने लावलेली तीन रंगांची तीन ठिगळं. सकाळी शाळा आणि दुपारी पुड्या. रद्दीतला पेपर घ्यायचा, टर्रकन त्याचे चार तुकडे करायचे, तुकडा बोटांभोवती गुंडाळायचा, खालचं टोक दुमडायचं की झाली पुडी. हात चटचट चालायचे, पण डोळे काही ऐकायचे नाहीत. ते जायचे अक्षरांवर. सुरंगीला बातम्या वाचायचा भारी नाद होता.

"सुरंगे, हात चालव गं बाय," आई म्हणायची. "गिऱ्हाईक काय बातमी खाणार आहे?"

"आई, ऐक ना! कुठल्याशा गावात दीड हाताचा दोडका लागलाय!"

"बरं झालं. दे ती पुडी इकडे."

आणि दीड हाताचा दोडका शेंगांसकट निघून जायचा. पुडीच्या कागदावर बातमी पुरी कधी नसायचीच. सुरुवात एका तुकड्यावर, शेवट दुसऱ्या तुकड्यावर, आणि दुसरा तुकडा कुणाच्या तरी खिशात. ज्या बातमीचं पुढे काय झालं ते कळायचं नाही, तिचा तुकडा सुरंगी जपून ठेवायची. चहाच्या एका जुन्या डब्यात तिने असे कितीतरी तुकडे साठवले होते. त्या डब्यात एका झाकणात घट्ट खळही असायची. फाटलेला तुकडा मिळाला की ती बोटाने खळ लावून तो चिकटवायची.

आता हा छंद चांगलाच, पण एकदा त्याने घोटाळा केला. शाळेत रोज सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना होते, सुविचार होतो आणि मग एक मूल बातम्या वाचतं. सुरंगीची पाळी आली तेव्हा तिने पुडीचा कागद उलगडला आणि खणखणीत वाचलं, "आज दुपारी सूर्यग्रहण!" झालं! पहिलीतली सगळी पोरं डबे न खाता दारं-खिडक्या लावून बसली. ग्रहण होऊन गेलं होतं दोन वर्षांपूर्वी. शार्दूल नावाचा मुलगा तर पोट धरधरून हसला. "शिळी सुरंगी, शिळी सुरंगी!" असं तो तिला तेव्हापासून चिडवायचा.

शिक्षिका कुमुदबाई मात्र हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी पुन्हा तुझी पाळी हं. त्या दिवशी मात्र ताजी बातमी आण. आणशील ना, बाळा?"

सुरंगीने मान हलवली. पण ताजी बातमी आणायची कुठून? तिच्या घरी पेपर यायचा तो किलोवर यायचा.

बघता बघता गुरुवारची संध्याकाळ आली. तांब्या भरून आणायला सुरंगी बागेतल्या नळावर गेली. नळाशेजारी बोगनवेल होती, राणी रंगाच्या फुलांनी नुसती डवरलेली. तिथून कुणीतरी रडत होतं. अगदी बारीक, मुंगीला पडसं झाल्यावर येईल तसा आवाज.

सुरंगीने फुलं बाजूला केली आणि तिचे डोळे बशीएवढे झाले.

आत एक परी होती. अंगठ्याएवढी! अंगात हळदी रंगाचं इवलंसं परकर-पोलकं, केसांत चांदणचुऱ्याची चमचम, खांद्याला एवढीशी झोळी. तिचा एक पंख निळा-जांभळा झुळझुळत होता आणि दुसरा बोगनवेलीच्या काट्यात अडकून टर्रकन फाटला होता.

"रडू नकोस गं चिमणे," सुरंगी म्हणाली. "फाटलेलं चिकटवायला मला येतं!"

तिने पंख काट्यातून अलगद सोडवला. धावत जाऊन डबा आणला. पेपराच्या कडेची कोरी पांढरी पट्टी फाडली, तिला खळ लावली, पंखाखाली ठेवली आणि फुंकर घालून घालून वाळवली. पंख जुळला. परीने तो हलवून पाहिला. एकदा हलला, दोनदा हलला, पण उडता काही येईना.

"असू दे," परी गोड आवाजात म्हणाली. "दुखायचं तर थांबलं! मी खुशीपरी. परीला जो हात देतो त्याला तीन ओळी द्यायच्या, असा आमचा नियम आहे. ही घे पेन्सिल." पेन्सिल लवंगेएवढी होती आणि तिचं टोक रुपेरी होतं. "जे लिहिशील ते खरं होईल. पण नीट ऐक हं. फाटक्या कागदावर लिहायचं आणि उरलेल्या जागेत मावेल तेवढंच लिहायचं. कुणाचं वाईट लिहायचं नाही. आणि बाग बंद व्हायची शिट्टी वाजली की पेन्सिल विरघळून जाईल."

सुरंगीने टुणकन उडीच मारली. तीन ओळी! तिने डबा उघडला आणि सगळ्यात वर ठेवलेला तुकडा उचलला. या तुकड्याच्या उरलेल्या अर्ध्यासाठी ती एकदा गिऱ्हाइकामागे रस्त्यापलीकडच्या चिंचेच्या झाडापर्यंत धावली होती, पण त्याने शेंगा संपवून पुडी वाऱ्यावर सोडली होती. तुकड्यावर लिहिलं होतं, 'रानातल्या कोरड्या विहिरीत हत्तीचं पिल्लू पडलं. गावकऱ्यांनी दोर आणले. संध्याकाळपर्यंत...'

बस्स, एवढंच.

"पण ही बातमी शिळी आहे," सुरंगी म्हणाली. "पिल्लाचं जे व्हायचं ते होऊन गेलं असेल ना?"

"छे गं! बातमी अर्धी असेल तोवर ती चालूच असते. ते पिल्लू अजून विहिरीतच आहे."

"अगंबाई!" सुरंगी घाईघाईने कागदावर वाकली. जागा होती दोन शब्दांची. तिने लिहिलं, 'पिल्लू बाहेर!'

कागद थरथरला. तिने तो कानाला लावला. आतून माणसांचा गलका आला, दोर करकरले, धप्पकन काहीतरी काठावर आलं आणि एक चिमुकली सोंड आनंदाने पिपाणीसारखी वाजली. सुरंगीने टाळ्याच पिटल्या. पण मग पिल्लू रडायला लागलं.

"आता काय झालं?"

"त्याची आई," परी म्हणाली. "माणसांच्या गलक्याला भिऊन ती डोंगरापलीकडे गेली. पिल्लू तिला शोधतंय."

सुरंगीने पेन्सिलीचं टोक चावलं. दुसरी ओळ तिने उद्याच्या ताज्या बातमीसाठी राखून ठेवली होती. मनातल्या मनात तिने शार्दूलचं वासलेलं तोंडसुद्धा पाहून घेतलं होतं. पण आईशिवाय पिल्लू म्हणजे काय? तिने कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, 'आई भेटली.' मग कागदातून असा काही लाडाचा हुंकार आला की सुरंगीला हसूही आलं आणि रडूही आलं.

"एकच ओळ उरली," परी म्हणाली.

"ही आईची!" सुरंगीने दुसरा तुकडा काढला. त्यावर छापलं होतं, 'उन्हाचा तडाखा वाढला. नागरिकांना...' पुढे मोकळी जागा होती. आईला सावली मिळू दे, असं तिथे लिहायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ती लिहिणार इतक्यात तिचं लक्ष परीच्या झोळीकडे गेलं. मघाशी झोळीतून लाल, पोपटी, सोनेरी उजेड येत होता. आता तो राखेसारखा फिकट पडत चालला होता.

"तुझ्या झोळीत काय आहे गं?"

"चांगल्या बातम्या. गावोगावी मी त्या पोहोचवते. आज तांबडगावची पाळी होती." परीने झोळी उघडली. आत मोहरीएवढे मणी होते. "हा रखवालदार भिवातात्यांचा. ही शार्दूलच्या घरची. ही कुमुदबाईंची. सूर्य बुडायच्या आत पोहोचल्या नाहीत तर शिळ्या होतील सगळ्या. मग त्या घडायच्याच नाहीत."

शिळी बातमी म्हणजे काय ते सुरंगीला पक्कं ठाऊक होतं. सूर्य चिंचेमागे उतरला होता. भिवातात्या शिट्टी हातात घेऊन लांबून येताना दिसत होते.

"तूच लिही ना तुझ्यासाठी!"

"परीला ही पेन्सिल स्वतःसाठी चालत नाही, राणी."

सुरंगीने हळूच विचारलं, "आमच्या घरची बातमी आहे का गं त्यात?"

परीने झोळीच्या तळापर्यंत हात घातला. खूप वेळ शोधलं. मग तिने मान खाली घातली. "नाही गं."

सुरंगीला फार वाईट वाटलं. का वाटू नये? सगळ्या गावाची बातमी होती आणि तिच्या आईचीच नव्हती. त्या चिडवणाऱ्या शार्दूलची होती! दाराबाहेर आई पदराने घाम पुसत होती, तेही तिला इथून दिसत होतं. तिने उन्हाचा तुकडा पाहिला, मग झोळी पाहिली. भिवातात्यांचा मणी अगदी विझत आला होता. तेच भिवातात्या रोज आईला माठातलं गार पाणी आणून द्यायचे.

तिने उन्हाचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"वळ," ती परीला म्हणाली. "पाठ कर इकडे. फाटक्या कागदावरच लिहायचं ना? तुझ्या पंखावर आहे की कागद!"

आणि स्वतःच चिकटवलेल्या त्या पांढऱ्या पट्टीवर सुरंगीने शेवटची ओळ लिहिली, 'परी उडाली!'

फुर्रर्र! भिवातात्यांची शिट्टी वाजली. पेन्सिल साखरेसारखी विरघळली. आणि परी? ती तर कधीच भुर्रकन उडाली होती! आभार मानायलाही तिला वेळ नव्हता. चिंचेवरून, शाळेवरून, कौलांवरून रंगीत ठिणग्या सांडत ती घराघरांत शिरत गेली.

मग काय विचारता! भिवातात्या उड्या मारतच दाराशी आले. "अगं, माझ्या लेकीला मुलगी झाली! शेंगा दे, सगळ्यांना वाटतो!" शार्दूल धावत आला. त्याचे बाबा ट्रक घेऊन दूर दूर गेले होते, ते चार महिन्यांनी घरी आले होते. कुमुदबाईंची हरवलेली मांजर तीन पिलांना घेऊन परत आली होती. पेढ्यांचं दुकान त्या दिवशी बंद, म्हणून जो तो शेंगांनीच तोंड गोड करायला आला. टोपली रिकामी झाली, कागदही संपले. शेवटी माणसं शेंगा ओंजळीत घेऊन गेली.

"आज काय झालंय गावाला?" आई हसून हसून विचारत होती. सुरंगी नुसती खळी पाडून तिला बिलगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी बागेच्या दाराशी आल्या आणि जागच्या जागी उभ्याच राहिल्या. वाळका बहावा फुलला होता! फांदीफांदीला कोवळी पोपटी पानं आणि त्यांतून सोन्याच्या झुंबरांसारखे घोस जमिनीपर्यंत लोंबत होते. खाली सावली पसरली होती, चांगली दाट, गारेगार, टोपलीला आणि आईला पुरून उरेल एवढी. आई पुढे झाली, बुंध्याला हात लावला आणि तिथेच खाली बसली. किती दिवसांनी ती न सरकता बसली होती!

सगळ्यात खालच्या घोसावर खुशीपरी झोके घेत होती. पंखावर ती पांढरी पट्टी तशीच होती.

"झोळीत तुझ्या घरची बातमी नव्हती," ती सुरंगीच्या कानात म्हणाली, "कारण ती तोवर घडलीच नव्हती. ती तू घडवलीस. येते हं, चिमणे!"

बहाव्यातून उन्हाची एक तिरीप आली. सगळी फुलं एकदम लखलखली आणि त्या सोनेरी लखलखाटात परी दिसेनाशी झाली. सुरंगीच्या शेपटीवर तेवढी एक पिवळी पाकळी राहिली.

त्या दिवशी परिपाठाला सुरंगी पुढे आली. तिच्या हातात पेपर नव्हता.

"आजच्या ताज्या बातम्या!" तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. "भिवातात्या आजोबा झाले. कुमुदबाईंच्या मनीला तीन पिल्लं झाली. शार्दूलचे बाबा घरी आले. विहिरीतलं हत्तीचं पिल्लू सुखरूप बाहेर आलं आणि त्याला त्याची आई भेटली."

कुणी हसलं नाही. शार्दूल तर टाळ्या वाजवत होता.

"सुरंगी, हे सगळं कुठल्या पेपरात आलंय गं?" पहिलीतल्या एका चिमुरड्याने विचारलं.

"अजून कुठेच नाही," कुमुदबाई हसून म्हणाल्या. "इतकी ताजी बातमी आपल्या शाळेत आजच आली. यापुढे गावाच्या बातम्या रोज सुरंगीच सांगेल."

"बाई, एक राहिली," सुरंगी म्हणाली. "बागेच्या दारातला बहावा आज सकाळी फुलला. माझी आई सावलीत बसली आहे."

शेंगा संपल्या, टरफलं उडाली, पुडीवरची गोष्ट तेवढी तुमच्या हातात राहिली.