मानाची जागा आणि दोन घंटा

फार फार पूर्वी, एका नदीकाठी एक हौशी गाव होतं. सुगी संपली की पलीकडच्या गावाशी त्यांची होड्यांची शर्यत लागायची. नदीच्या मधोमध भला थोरला खडक होता. त्याच्या डावीकडून जायचं की उजवीकडून, हे पाणी बघून ऐन वेळी ठरायचं.

होडीचं सुकाणू येसाबाईच्या हाती असे. पाणी बघून वाट सांगायचे गावचे पाटील. ते पुढे बसायचे, उजव्या कडेला. मानाची जागा ना ती!

आता गंमत ऐका. पाटील "उजवीकडे!" म्हणाले की होडी सुळकन निघायची. पण "डावीकडे!" म्हणून ओरडले, की येसाबाई आधी आवाजाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडेच वळायची. सावरेपर्यंत होडी धाडकन खडकावर! सलग तीन वर्षं हेच झालं.

"तुला डावं-उजवं कळत नाही," पाटील कडाडले. "यंदा हरलो तर सुकाणू दुसऱ्याला देणार."

येसाबाईला रडूच कोसळलं. सुकाणू म्हणजे तिचा जीव की प्राण.

घरी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझ्या उजव्या हाताला उभे राहा आणि 'डावीकडे' म्हणा बघू."

नवरा म्हणाला, आणि बाई वळली भलतीकडेच! मग तो डाव्या हाताला जाऊन तेच म्हणाला. या खेपेला ती झटकन बरोबर वळली.

"अगं बाई, असं आहे होय!" तिनं टाळीच वाजवली.

शर्यतीच्या दिवशी तिनं सुकाणूच्या दोन्ही बाजूंना एकेक घंटा टांगली आणि दोऱ्या पाटलांच्या हातात दिल्या. "पाटीलबाबा, मानाची जागा तुमचीच. जिकडे जायचं तिकडची घंटा वाजवा. फक्त ओरडू नका."

"मी आणि गप्प? छे, जमायचं नाही!"

"मग हा घ्या," म्हणत तिनं त्यांच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

खडक जवळ आला. पाटलांचे गाल फुगलेले, डोळे वटारलेले. डावी घंटा घणघणली. येसाबाई तत्क्षणी डावीकडे वळली, आणि होडी खडकाला वळसा घालून सर्रकन पुढे! पलीकडचं गाव बघतच राहिलं. काठावर नुसता जल्लोष झाला.

पाटलांनी लाडू गिळला. "येसाबाई, तुला सगळं कळत होतं गं. मीच भलत्या बाजूनं ओरडत होतो. सुकाणू तुझंच! आणि... आणखी लाडू आहेत का?"

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: ज्या बाजूला न्यायचं, हाक त्याच बाजूनं द्यावी.