निळ्या हातांचा पुकारा

शोणावती नगरीत पूर्वी कालसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दवंडी पिटणाऱ्यांच्या घरात जन्माला आला होता. त्याचं नाव सुघोष. नावासारखाच आवाज. तो दक्षिण वेशीवर बोलला की नदीपलीकडची गुरं माना वर करतात, असं लोक म्हणायचे. त्याच्या पाठचा भाऊ नंदिक. नंदिकाचा आवाज बेताचा, म्हणून तो ढोल वाजवी आणि सुघोष पुकारी. दोघं एकाच चुलीवरचं जेवत.

दवंडी म्हटली की आपल्याला जत्रा आठवते, हरवलेली गाय आठवते. तेही हे दोघं पुकारीतच. पण त्या नगरीत एक जुना कायदा होता. ज्याला ठार मारायचं, त्याच्या गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ घालायची, डोक्यावर विटकरीचा भुगा टाकायचा आणि त्याला ढोलामागून चालवत दक्षिण वेशीबाहेर न्यायचं. वाटेतल्या प्रत्येक चौकात त्याचा अपराध मोठ्यानं पुकारायचा. शेवटचा पुकारा वधाच्या दगडापाशी. तो झाल्याशिवाय वधिकानं तलवार उचलायची नाही. माणूस कशासाठी मेला हे चार लोकांना कळावं, म्हणून कोण्या भल्या राजानं हे घालून दिलं असेल. पुढं त्यातला अर्थ गेला आणि ढोल तेवढा राहिला.

त्या घराण्यात एक बोल चालत आला होता, ‘तोंड आपलं, शब्द राजाचा.’ बापानं दोन्ही मुलांना तो दूधभातासारखा भरवला होता. नंदिक वेशीवरून परतला की विहिरीवर हात धुताना हेच पुटपुटायचा. मगच त्याला जेवण जायचं. सुघोषानं लहानपणी एकदा विचारलं होतं, “बाबा, मग कान कुणाचे?” बापानं त्याला ढोल पुसायला बसवलं होतं.

एका उन्हाळ्यात तापाची साथ आली. राजाचा एकुलता एक मुलगा तिच्यात गेला. राजा अन्न घेईना, कुणाशी बोलेना. दुःख फार झालं की माणूस कुणाच्या तरी माथी मारायला बघतो. नगरपाल शंकुकर्णाला हे चांगलं कळत होतं. त्यानं राजाच्या कानाशी लागून सांगितलं की नदीच्या वरच्या अंगाला नीलग्रामचे रंगारी राहतात, त्यांनीच पाणी नासवलं, त्या पाण्यानं राजपुत्र गेला.

रंगाऱ्यांना बांधून आणलं. बायका, पुरुष, म्हातारी माणसं, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत निळे. रस्त्यावरचे लोक म्हणाले, “पुरावा हातावरच आहे की!” नंदिकालाही तसंच वाटलं. तसं वाटलं म्हणून त्याला जरा हलकंही वाटलं.

सुघोषाला मात्र तसं वाटलं नाही. राजपुत्र आजारी पडायच्या आधी तो जत्रेची दवंडी द्यायला एकटाच नीलग्रामला गेला होता. तिथं घराघरात ताप होता. रंगारी आपली लेकरं पुरत होते. गावात रंग न चढलेलं कापड उरलं नव्हतं, म्हणून ती निळ्या फडक्यांत गुंडाळली होती.

सकाळी वेणुक नावाच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या गळ्यात पहिली माळ पडली. बाकीच्यांना एका दोरात ओवून मागं उभं केलं. वधिक रोहंत तलवार खांद्यावर टाकून पुढं निघाला. जाता जाता म्हणाला, “सुघोषा, आज आवरतं घे बाबा. तू लांबण लावतोस आणि माझ्या तलवारीला पेंग येते.”

“आज थोडंच बोलणार आहे,” सुघोष म्हणाला.

पहिल्या चौकात नंदिकानं ढोल वाजवला. सुघोषानं लोकांकडं पाहिलं. मग त्याचा आवाज उठला.

“शोणावतीच्या लोकांनो, ऐका! हा नीलग्रामचा वेणुक. याचा अपराध मला ठाऊक नाही. याची नातवंडं राजपुत्राच्या आधी याच तापानं गेली. ती मी पाहिली. एवढंच मला ठाऊक आहे.”

नंदिकाच्या हातातली टिपरी तशीच वर राहिली.

शंकुकर्ण घोडा पुढं घालून आला. “उन्हानं डोकं फिरलं का तुझं? सांगितलंय तेवढं बोल.”

“स्वामी, मी पाहिलं ते बोललो. आपण दुसरं काही पाहिलं असेल तर आपण पुकारा. आवाज लहान असला तरी चालतो.”

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानंच घात केला. शंकुकर्णानं म्हाताऱ्याच्या गळ्यातली माळ ओढून काढली आणि सुघोषाच्या गळ्यात घातली.

“मग आधी तुझाच पुकारा होऊ दे. ए धाकट्या, हा राजद्रोही आहे असं पुकारायचं. लेकरंबाळं आहेत ना तुला?”

शिपाई दोर सोडवेपर्यंत सुघोष भावाजवळ आला. “ढोलाचा पट्टा सैल झालाय रे. गुडघ्यावर आपटेल.” त्यानं पट्ट्याची गाठ आवळून दिली.

“दादा, मी काय करू?”

“तुझी पोरं लहान आहेत. जमेल तेवढंच कर. मी तुझ्यावर रुसणार नाही.”

मग त्याचे हात बांधले.

दुसऱ्या चौकात नंदिकानं पुकारलं, “हा राजद्रोही!” आवाज इतका बारीक निघाला की लोकांना कान पुढं करावे लागले. धान्यबाजाराच्या चौकात नंदिकाची बायको खेमा पोरांना घेऊन उभी होती. तिथंही त्यानं तेच पुकारलं. खेमानं मान खाली घातली. पोरं मात्र काकाला पाहून हात हलवू लागली. काकाचे हात मागं होते, म्हणून तो नुसता हसला. नंदिक प्रत्येक पावलाला पुटपुटत होता, तोंड आपलं, शब्द राजाचा. रोज त्या बोलानं त्याचे हात धुतले जायचे. आज ते तसेच राहिले.

दगडापाशी रोहंत थांबला होता. आता तो थट्टा करीत नव्हता. “तू बोलायचास, मी कापायचो. आपली जोडी होती. फार अवघड करून ठेवलंस, गड्या.”

“तुझाही इलाज नाही,” सुघोष म्हणाला. “फक्त घाई करू नको. नंदिकाचं नीट ऐकून घे.”

नंदिकानं ढोल वाजवला. तोंड उघडलं. समोर वेशीच्या भिंतीला टेकून ते निळे हात ओळीनं उभे होते. त्यानं आपले हात पाहिले. टिपरी धरून घट्टे पडलेले. राजाचा शब्द त्याला उच्चारता येईना. त्याला रडू फुटलं. रडता रडता तो म्हणाला, “हा सुघोष. माझा थोरला भाऊ. याचा अपराध... मला ठाऊक नाही.”

रोहंतानं तलवार दगडावर ठेवली. “स्वामी, पुकारा झाला नाही. कायदा माझा नव्हे, तुमच्याच वाडवडिलांचा.”

शंकुकर्णानं ती तलवार उचलली. त्याच्या हाताला सवय नव्हती. जे एका घावात व्हायचं, त्याला वेळ लागला. त्यातलं अधिक सांगत नाही.

त्या वेळी ढोल वाजत नव्हता. शोणावतीच्या लोकांनी ढोलावाचून माणूस मारलेला कधी पाहिला नव्हता. ढोलाच्या आवाजात सगळं रीतीनं चाललंय असं वाटायचं. आज जे होतं ते उघडं दिसलं. बाया तोंडात पदर धरून उभ्या राहिल्या.

“पुढचा आणा!” शंकुकर्ण ओरडला. त्याच्या बाह्या रक्तानं भिजल्या होत्या.

दोर धरलेला शिपाई जागचा हलला नाही. रागानं नव्हे, नुसता उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “पुढच्याचा पुकारा कोण करणार, स्वामी?”

यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. नंदिकाचा उजवा हात त्या दगडावर ठेवून ठेचला. त्याला आणि रंगाऱ्यांना तळघरात कोंडलं. तिथं म्हातारा वेणुक गेला, आणखीही काही जण गेले. शेजारच्या राज्यातून दुसरा पुकारणारा आणला. पहिल्याच चौकात भाजी विकणाऱ्या म्हातारीनं त्याला विचारलं, “तू पाहिलंस का रे बाबा?” त्यानं ढोल खाली ठेवला आणि तो आल्या वाटेनं निघून गेला.

शेवटी राजा स्वतः तळघराच्या दाराशी आला. ज्यांनी आपलं मूल नेलं ते हात त्याला बघायचे होते. दाराजवळ एक रंगारीण बसली होती.

“तुझं मूल?” राजानं विचारलं.

“तुमच्या मुलाच्या आधी आठवडाभर, महाराज. गुंडाळायला धुवट फडकंसुद्धा नव्हतं घरात.”

राजा तिच्यासमोर जमिनीवर बसला. उठून गेला तेव्हा त्यानं दार लावून घ्यायला सांगितलं नाही. रंगारी आणि नंदिक एकेक करून बाहेर आले.

नंदिकानं पुढं ढोल वाजवला नाही. वाजवणं शक्यही नव्हतं. पण त्या नगरीत रीत पडली की पुकारणाऱ्यानं आधी ‘मी पाहिलं’ म्हणायचं, नाहीतर ज्यानं पाहिलं तो माणूस शेजारी उभा करायचा. अशी माणसं मिळेनात, आणि कण्हेरीच्या माळा गुंफणं कमी होत गेलं. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ही रीत दुसऱ्या नगरांत गेली, तिथून आणखी पुढं. सुघोषाचं नाव लोक विसरले. नदीनं पात्र बदललं, वधाच्या दगडावर धोबी कपडे आपटू लागले. पण म्हातारीचा तो प्रश्न लोकांच्या तोंडी राहिला.

शास्त्यानं, म्हणजे भगवंतानं, ही कथा एका भिक्षूला सांगितली. तो भिक्षा मागायला गेला असताना राजाचे शिपाई काही माणसांना फरफटत नेताना त्यानं पाहिलं होतं. परत येऊन त्यानं पात्र पालथं घातलं आणि म्हणाला, “भगवन्, एकट्या माणसानं काय होणार?”

कथा सांगून झाल्यावर शास्ता म्हणाला, “त्या वेळचा राजा कालसेन म्हणजे आपल्या विहाराच्या दाराशी वाटसरूंना पाणी देणारा म्हातारा उपासक. वधिक रोहंत आज आजारी भिक्षूंची शुश्रूषा करतो. वेणुक आपली चीवरं रंगवून देतो. शंकुकर्ण अजून भटकतो आहे. तो कुठं भेटला तर त्याच्यावर दया ठेवा. पुकारणारा सुघोष तो मीच होतो.”

“आणि नंदिक, भगवन्?”

त्या भिक्षूच्या उजव्या हाताची बोटं जन्मापासून वाकडी होती. शास्त्यानं तो हात आपल्या हातात घेतला, पालथं पात्र सुलटं करून त्यात ठेवलं आणि म्हणाला, “मी एकटाच बोललो असतो तर तो शब्द त्याच चौकात विरला असता, बाबा. दगडापाशी तो तू उचललास. ठाऊक आहे तेवढंच बोलणं आणि जीव गेला तरी त्यापुढं एक शब्द न जाणं, ही सत्यपारमिता.”