चार नंबरच्या शाळेचे बारसे

ही हकिकत प्रस्तुत लेखकाने गेल्या वैशाखात मुख्याध्यापक मुकुंद ढवळे यांच्याकडून, त्यांच्याच कार्यालयात ऐकली. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत.

“…पण बाई, शनिवारी नव्या नावाच्या समारंभाला तुम्ही येणार ना?”

ढवळ्यांनी हे दुसऱ्यांदा विचारले. अनुराधाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. विणकरवस्तीतल्या नगरपालिकेच्या चार नंबरच्या शाळेत त्यांनी उभा जन्म शिकवले होते. ढवळे त्यांचेच विद्यार्थी, आता त्याच शाळेचे मुख्याध्यापक.

“नाव काय ठेवलंस म्हणालास?”

“नवप्रभात इंटरनॅशनल मॉडेल स्कूल.” त्यांचा आवाज आपसूक चढला. “नवा रंग, नवे टाय. पाटी तर रात्रीसुद्धा दिसते.”

“इंटरनॅशनल,” बाई म्हणाल्या. “आपली पोरं हायवेच्या पलीकडे जात नाहीत रे.”

ढवळे हसले. बाई हसल्या नाहीत.

“वस्ती तुमचं ऐकते. तुम्ही म्हणालात, ‘शाळा बदलली,’ की लोक मुलींची नावं घालतील. नाहीतर पट कमी म्हणून वरचे वर्ग बंद होऊन हायवेपलीकडच्या शाळेत जातील. तिकडे मुलींना कोणी पाठवणार नाही. घरी बसतील, मागावर बसतील… बाई, मी थकलो आता.”

बाईंनी तांदळाचे ताट त्यांच्यापुढे सरकवले.

“लिही. अक्षर चांगलं होतं तुझं.”

ढवळ्यांनी बोटाने तांदळात नाव लिहायला घेतले. ‘मॉडेल’पाशीच ताट संपले.

“माझंही असंच लिहिलं होतं, लग्नात. अंगठीनं. चंपाची अनुराधा झाले. सगळ्यांना पेढे वाटले.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी पहाटे अनुराधा विहिरीवर गेली.” बाईंनी ताट परत ओढले. “चंपाही जायची.”

त्या पुन्हा खडे वेचू लागल्या. बोटांखाली ‘नवप्रभात’ मोडले, मग ‘इंटरनॅशनल’. ढवळे पाहत राहिले.

“पाचवीला गणित कोण शिकवतं?”

“जागा रिकामी आहे, बाई. मीच अधूनमधून…”

“मुलींचं स्वच्छतागृह?”

“कुलूप आहे.”

“का?”

ढवळे ताटाकडे पाहत म्हणाले, “पाणी नाही. अर्ज करून करून दमलो. पाटीला पैसे लगेच मंजूर झाले. म्हटलं, निदान जे मिळतंय ते…”

पलीकडे कुणाचा तरी माग खटखटत होता.

“येते शनिवारी,” बाई म्हणाल्या.

ढवळे वाकून पाया पडायला गेले. बाईंनी पाय मागे घेतले.

“पाटीखाली नाही उभी राहणार. आयाबायांना त्या कुलपापाशी बोलाव.”

“तिथे? बाई, त्या विचारतील! काय सांगायचं त्यांना?”

“आत्ता मला काय सांगितलंस?”

“पाणी नाही. शिक्षक नाही. मी दमलो.”

बाईंनी पुढचे वाक्य रागाने म्हटले की मायेने, याची खात्री प्रस्तुत लेखकाला कधीच करता आली नाही. ढवळ्यांना तो स्वर आठवत नाही. बाईंकडे जाऊन विचारले, तेव्हा त्यांनी चहा दिला, उत्तर दिले नाही. वाक्य मात्र ढवळ्यांना तोंडपाठ आहे.

“एवढंच सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहते.”