बद्द वाजलेली बरणी

एका तळ्याकाठी, गावापासून हाकेच्या अंतरावर, एक कुंभार एकटाच राहत होता. झिलई दिलेल्या लोणच्याच्या बरण्या, दह्याची गाडगी, ताकाचे वाडगे अशी स्वयंपाकघरातली भांडी तो घडवायचा. त्याची बरणी घरात नसेल तर लोणचं घालूच नये, असं गावातल्या बायका म्हणायच्या.

बायको होती तोवर भट्टी उघडायची ती तिच्याच परवानगीने. "निवू द्या हो, गरम भांडी वाऱ्याने तडकतात. ती काय पळून जातात?" असं म्हणून ती त्याला अडवायची. मग एकेका भांड्याला टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर फळीवर, बद्द वाजलं, म्हणजे आत तडा, तर उकिरड्यावर.

ती गेली आणि घर खायला उठलं. वाट बघावी असं भट्टीशिवाय त्याला कुणी उरलं नव्हतं. भांड्यांची तोंडं कधी एकदा बघतो असं त्याला होई, आणि भट्टी गरम असतानाच तो ती उघडून मोकळा होई. टिचकी मारायला मात्र हात धजत नसे.

एकदा एका गिऱ्हाइकाने रीतीप्रमाणे बरणी वाजवली आणि तो म्हणाला, "ही बद्द वाजतेय. दुसरी द्या."

कुंभाराचं डोकं फिरलं. "तीस वर्षं माती मळतोय मी! माझी भांडी कुणी वाजवायची नाहीत. घ्यायची तर घ्या, नाहीतर चालू लागा!"

गाव बिचारं भिडस्त. लोक न वाजवता भांडी नेऊ लागले. वाजवता वाजवता चार गप्पा व्हायच्या, त्याही बंद पडल्या. पुढे तर कुणी फिरकेनासंच झालं. कुंभार दारात बसून वाटेकडे डोळे लावायचा. बोलायलाच कुणी नाही, त्यामुळे दिवसदिवस त्याला स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. 'गावाला माझ्या कामाची कदरच नाही,' अशी तो मनाची समजूत घालायचा, पण मन काही समजत नसे.

लोणच्याचे दिवस आले. शेवटी न राहवून तो एक नवी बरणी घेऊन बायकोच्या मैत्रिणीकडे गेला.

"ताई, यंदा बरणी न्यायला आला नाहीत?"

"आहे की जुनी, भाऊजी," ती घुटमळत म्हणाली.

जुनी बरणी मोरीपाशी होती. आत भांडी घासायची राख भरलेली होती.

"आणि लोणचं?"

"पाझरली हो बरणी. तेल सगळं निथळून गेलं, वर्षाचं लोणचं नासलं. माझंच नाही, चार घरी हेच झालं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगणार कसं? तुम्हाला साधी टिचकी सोसवत नव्हती."

'तीस वर्षं' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. रागाने उठून जाणं सोपं होतं, पण जायचं कुठे, तर त्याच मुक्या घरात. त्याने हातातली बरणी तिच्यापुढे ठेवली.

"ही वाजवा, ताई."

तिने टिचकी मारली. बरणी बद्द वाजली.

"भट्टी गरम असतानाच उघडलीत ना? एवढी कसली घाई असते तुम्हाला?"

"घरी कुणीच नसतं हो," कुंभार म्हणाला, आणि इतक्या दिवसांचं साचलेलं रडू त्याला एकदम फुटलं.

पुढच्या भट्टीला ती दशम्या बांधून तळ्यावर आली. येताना शेजारच्या दोघींनाही घेऊन आली. भट्टी निवेपर्यंत त्यांनी आळीपाळीने पहारा केला आणि कुंभाराला जवळ फिरकू दिलं नाही. मग भांडी निघाली. तिघींनी ती एकेक करून वाजवली, तीन बरण्या त्याच्या तोंडावर नापास केल्या, आणि नाकं मुरडत, नावं ठेवत दिवस मावळेपर्यंत त्याच्या दारात बसून राहिल्या.

तात्पर्य: ज्याला बोल लावायची सोय नसते, त्याच्याशी बोलायलाही कुणी येत नाही.