सगळ्या गावाचा काजवा

डोंगरापलीकडच्या एका गावात मुलांची बुद्धी मोजणारे एक पंतोजी राहत. पणती, चंद्र, शेकोटी आणि काजवा यांत वेगळं कोण, एवढंच ते विचारत. ‘काजवा, कारण तो जिवंत आहे’ असं जो चटकन सांगेल तो हुशार. पाठशाळेत जागा त्यालाच.

यंदा त्यांच्या स्वतःच्या मुलीची पाळी आली. तिला शिकायची भारी हौस. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “शेकोटी. तिच्याभोवती गप्पा मारत बसता येतं.”

“चूक,” पंतोजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा पडला, पण नियम तो नियम. मुलगी मागच्या दारी गुडघ्यांत डोकं घालून बसली.

त्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती. नव्या सुनेनं बोलायचं कमी असतं, त्यामुळे तिला दिसायचं पुष्कळ. शेकोटी का चालत नाही, हे काही तिला उमगेना. नदीवर धुणं धुताना तिनं शेजारणीला विचारलं, “काकू, तुमच्या धाकट्याला इतक्या चटकन कसं हो सुचलं?”

“सुचायचं काय त्यात? काजवा म्हणायचं. दादानं घोकून घेतलं त्याच्याकडून. पंतोजींची सून तू, आणि तुला ठाऊक नाही?”

सून पिळता पिळता थांबली. उत्तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. पंतोजींच्या घरात मात्र त्याबद्दल ब्र काढायची कुणाला मुभा नव्हती.

संध्याकाळी ती हळूच म्हणाली, “मामंजी, उद्या सगळ्यांना एखादा नवा प्रश्न घालून बघता?”

“कशाला? बुद्धी काय रोज बदलते?”

“तेच बघू या की.”

दुसऱ्या दिवशी पंतोजींनी मुलं जमवली. “नांगर, विहीर, चिंच, पाऊस. वेगळं कोण?”

पहिला म्हणाला, “काजवा.” दुसरा म्हणाला, “काजवा, कारण तो जिवंत आहे.” तिसऱ्यानं तर प्रश्न संपायच्या आतच सांगून टाकलं.

मुलीनं मात्र विचारलं, “बाबा, वेगळं म्हणजे कशात? दिसण्यात, की उपयोगात? तशी उत्तरंही वेगवेगळी येतील.”

हे पंतोजींना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही नाही.

“मग इतकी वर्षं मी मोजत काय होतो, सूनबाई?”

“कुणाच्या दादाच्या पोटात काही राहत नाही ते, मामंजी.”

मुलगी पाठशाळेत जाऊ लागली. पंतोजी आता प्रत्येक उत्तरावर “असं का वाटलं?” म्हणून विचारतात, आणि ऐकत बसतात. जेवण रोज गार होतं.

तात्पर्य इतकंच, की नुसत्या बरोबर उत्तरावरून बुद्धी कळत नाही. ते उत्तर आलं कुठून, हेही विचारावं लागतं.